१६एक्सवर राईट केलेली डीव्हीडी टिकते का? ड्राइव्हचा वेग आणि राइटिंगचा दर्जा घरच्या घरी असा तपासा

आमच्या खर्डीत सीडी असो की डीव्हीडी, सगळ्याला 'सीडी'च म्हणतात. राईट करून देण्याला 'सीडी मारून देणे'. एके काळी गावातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या लग्नांच्या अशा 'सीड्या' मी मारून द्यायचो. सीझनला एका लग्नाच्या दहा-दहा कॉप्या लागायच्या. साहजिकच प्रोग्राममध्ये स्पीडच्या जागी 'मॅक्सिमम' निवडायचं, सहा मिनिटांत डिस्क बाहेर, की दुसरी आत.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू एक डिस्क घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचं २००९ सालचं लग्न. "अरे, तूच मारून दिलेली ना ही? हळद दिसते, लग्न दिसतं, पण पाठवणी आली की अडकते बघ. पाठवणीतच तर हे आहेत." काका आता नाहीत. मूळ कॅसेटवर पुढच्या लग्नाचं शूटिंग झालेलं, कारण तेव्हा सगळेच कॅसेट पुन्हा वापरायचे. बाकीच्या कॉप्या नातेवाइकांकडे गेल्या त्या गेल्याच. म्हणजे जे काही होतं ते या एका डिस्कवर.

डिस्क सुरुवातीला नीट आणि शेवटीच का अडकते, याचं उत्तर शोधताना मी माझ्या दोन ड्राइव्हच्या राइटिंगची पद्धतशीर चाचणी केली. ती कशी करायची, आकड्यांचा अर्थ काय आणि त्यातून मला काय कळलं, ते इथे सांगतो. घरात जुन्या डिस्क असतील किंवा अजूनही डिस्कवर बॅकअप घेत असाल, तर हे उपयोगी पडेल.

एक्स म्हणजे नक्की किती?

ड्राइव्हवर ४८एक्स, १६एक्स असं लिहिलेलं असतं. हा 'एक्स' प्रत्येक प्रकारच्या डिस्कसाठी वेगळा असतो.

सीडी: १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट.
डीव्हीडी: १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट. सीडीच्या जवळपास नऊ पट.
ब्लू-रे: १एक्स म्हणजे सेकंदाला ४.५ मेगाबाइट.

साध्या एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात (कॉम्प्युटर तेच ४.३८ जीबी असं दाखवतो, डिस्क छोटी निघालेली नसते). त्यामुळे १एक्सने पूर्ण डिस्क लिहायला साधारण ५७ मिनिटं लागतात. ४एक्सने १४ मिनिटं, ८एक्सने ७ मिनिटं. मग १६एक्सने साडेतीन मिनिटं लागायला हवीत. पण तुम्ही कधी साडेतीन मिनिटांत पूर्ण डीव्हीडी राईट झालेली पाहिली आहे का? मी नाही. सहाच्या आसपास लागतात. इथेच खरी गंमत आहे.

१६एक्स हे शेवटच्या टोकाला असतं

डिस्कवर लिहिणं आतून बाहेर होतं. मधल्या भोकाजवळून सुरुवात आणि बाहेरच्या कडेला शेवट. डिस्क सतत एकाच गतीने फिरत असेल, तर आतल्या छोट्या वर्तुळावर लेझरखालून कमी लांबी सरकते आणि बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर जास्त. जत्रेतल्या पाळण्यात मध्याजवळ बसलेला हळू फिरतो आणि कडेचा जोरात, तसंच.

१६एक्सचे ड्राइव्ह असंच करतात. फिरण्याची गती कायम ठेवतात. त्यामुळे आत लिहिताना वेग साधारण साडेसहा एक्स असतो, तो वाढत वाढत अगदी कडेला जाऊन १६एक्स होतो. सरासरी ११एक्सच्या आसपास येते. डेटा लिहायला पाच मिनिटं, त्यात सुरुवातीची जुळवाजुळव आणि शेवटी डिस्क बंद करणं धरलं की सहा.

४एक्सला प्रकार उलटा असतो. तिथे लिहिण्याचा वेग सगळीकडे सारखा ठेवतात आणि फिरण्याची गती बाहेर जाताना कमी करत नेतात. ८एक्सला बरेच ड्राइव्ह मधला मार्ग घेतात: सुरुवात सहाच्या आसपास आणि थोडं पुढे गेल्यावर ८एक्सवर स्थिर.

आता काकूंची डिस्क आठवा. दोन तासांचं लग्न, डिस्क काठोकाठ भरलेली. हळद आतल्या बाजूला, पाठवणी अगदी बाहेरच्या कडेला. म्हणजे पाठवणी लिहिली गेली तेव्हा ड्राइव्ह पूर्ण १६एक्सवर होता आणि डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून जास्त फेरे घेत होती.

चाचणीआधी चार गोष्टी बघून घ्या

नाहीतर दोष वायरचा आणि शिव्या ड्राइव्हला, असं होतं.

१. जोडणी. १६एक्सला कडेला सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट डेटा लागतो. जुन्या रुंद पट्टीच्या केबलवरचा ड्राइव्ह असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो डीएमए मोडमध्ये आहे ना ते बघा. विंडोज एक्सपीमध्ये वारंवार चुका आल्या की ड्राइव्ह गुपचूप पीआयओ मोडमध्ये जायचा. त्या मोडची कमाल मर्यादाच १६.७ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं.

२. यूएसबी. बाहेरून जोडायचा पातळ ड्राइव्ह यूएसबी २.० ला नीट चालतो. पण अशा ड्राइव्हची वीजही त्याच वायरीतून येते. यूएसबी २.० चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतं आणि राईट करताना ड्राइव्हला जास्त लागू शकते. दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा. लांबलचक एक्स्टेन्शन वायर टाळा.

३. डिस्कचा मीडिया कोड. पाकिटावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना एकच असेल असं नाही. खरी ओळख डिस्क बनवतानाच तिच्यात कोरलेली असते. इमेजबर्न नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये रिकामी डिस्क टाकली की उजव्या बाजूला ती दिसते. उदाहरणार्थ 'एमसीसी ००४' म्हणजे मित्सुबिशी केमिकलची १६एक्सची प्लस आर, 'टीवायजी०३' म्हणजे तैयो युडेनची १६एक्सची डॅश आर. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये अशा कोडची यादी असते. कुठल्या डिस्कला कुठल्या वेगात लेझरची किती ताकद द्यायची आणि ठोके कसे द्यायचे, ते त्यात ठरलेलं असतं. कोड यादीत नसला तर ड्राइव्ह सरधोपट पद्धत वापरतो. म्हणून तीच डिस्क एका ड्राइव्हवर सुंदर आणि दुसऱ्यावर बेकार निघते.

४. लाईट. आमच्याकडे पावसाळ्यात ती कधी जाईल त्याचा नेम नाही. डेटा वेळेवर पोचला नाही तर थांबून पुन्हा त्याच जागेपासून सुरू करायची सोय २००० सालानंतरच्या ड्राइव्हमध्ये आली. पण ती सोय डेटा उशिरा आल्यावरची आहे, लाईट गेल्यावरची नाही. एकदाच लिहिता येणारी डिस्क मध्येच बंद पडली की ती बहुतेक गेलीच. यूपीएस नसेल तर लॅपटॉपवर चाचणी करा.

वेगाची चाचणी

मी नीरो डिस्कस्पीड वापरलं. जुना मोफत प्रोग्राम आहे, माझ्या विंडोज ७ च्या पीसीवर नीट चालतो.

१. रिकामी डिस्क टाका. 'क्रिएट डिस्क' टॅबवर जा.
२. वेग निवडा आणि स्टार्ट करा. प्रोग्राम स्वतःच भरणीचा डेटा लिहितो. फाइल हार्ड डिस्कवरून वाचायची नसल्याने हार्ड डिस्कच्या संथपणाचा परिणाम चाचणीवर होत नाही.
३. नुसती रंगीत तालीम करायची असेल तर 'सिम्युलेट' निवडा. लेझर कमी ताकदीवर राहतो आणि डिस्क वाया जात नाही. पण ही सोय डॅश आर डिस्कवरच चालते, प्लस आरवर नाही. आणि तालमीत फक्त वेग कळतो, दर्जा नाही.
४. संपल्यावर आलेख सेव्ह करा.

आलेख कसा वाचायचा? हिरवी रेघ म्हणजे वेग. १६एक्सला ती डावीकडून उजवीकडे सरळ चढत जायला हवी, ४एक्सला आडवी राहायला हवी. मध्ये बारीक खाच दिसली तर घाबरू नका, काही ड्राइव्ह थांबून लेझरची ताकद पुन्हा तपासतात. पण रेघ करवतीच्या दातांसारखी खाली-वर होत असेल, तर एकतर डेटा वेळेवर पोचत नाहीये किंवा ड्राइव्हला ती डिस्क झेपत नाहीये. १२एक्सवर जाऊन रेघ एकदम खाली येऊन तिथेच राहिली, तर ड्राइव्हने स्वतःहून माघार घेतली असं समजा. ही माघार चांगली असते. हट्टाने पुढे जाणाऱ्या ड्राइव्हपेक्षा असा ड्राइव्ह बरा.

दर्जा म्हणजे काय मोजायचं?

राईट करताना लेझर डिस्कमधल्या रंगद्रव्याचा थर तापवून त्यावर खुणा उमटवतो. खुणेची लांबी हाच डेटा. वेग जास्त झाला की प्रत्येक खुणेसाठी मिळणारा वेळ कमी होतो आणि कडा पुसट, वेड्यावाकड्या येतात. त्यात डिस्कची बाहेरची कड थोडी जास्त हलते आणि रंगद्रव्याचा थरही तिथे असमान असण्याची शक्यता जास्त. म्हणून कसोटी लागते ती कडेलाच.

चुका प्रत्येक डिस्कवर असतात, अगदी नव्या डिस्कवरही. म्हणून डीव्हीडीवर दुरुस्तीची सोय आधीच केलेली असते. डेटाचा एक गट म्हणजे २०८ ओळींचा तक्ता समजा. प्रत्येक ओळीत १७२ बाइट डेटा आणि १० बाइट दुरुस्तीचे. त्या जोरावर एका ओळीतले ५ चुकलेले बाइट ड्राइव्ह दुरुस्त करू शकतो. त्याला जमलं नाही तर उभ्या रांगांमधली दुसरी दुरुस्ती कामाला येते. आता दोन आकडे समजून घ्या.

पीआयई: ज्या ओळीत एक तरी चूक होती अशा ओळी. सलग आठ गटांत, म्हणजे १,६६४ ओळींत, अशा ओळी २८० पेक्षा जास्त नसाव्यात, असं डीव्हीडीचं मानक सांगतं.

पीआयएफ: ज्या ओळीची पहिली दुरुस्ती फसली अशा ओळी. एका गटात या ४ पेक्षा जास्त नसाव्यात.

दुसरी दुरुस्तीही फसली तर पीओएफ. हा आकडा शून्यच हवा. तो दिसला म्हणजे तेवढा डेटा त्या ड्राइव्हला वाचता आला नाही.

सीडीला याच धर्तीवर सी१ आणि सी२ असतात. सी१ ची सरासरी सेकंदाला २२० च्या आत आणि सी२ शून्य, एवढं लक्षात ठेवा.

दर्जाची चाचणी

१. नुकती लिहिलेली डिस्क बाहेर काढून पुन्हा टाका. 'डिस्क क्वालिटी' टॅब उघडा.
२. वेग ८एक्स ठेवा. तुलना करायची असेल तर प्रत्येक वेळी तोच ड्राइव्ह आणि तोच वेग. हे विसरलात तर आकड्यांना काही अर्थ उरत नाही.
३. स्टार्ट करा. वरचा आलेख पीआयईचा, खालचा पीआयएफचा.
४. शेवटी शंभरपैकी गुण मिळतात. ते सगळ्यात वाईट पीआयएफवरून काढलेले असतात. म्हणून नुसत्या गुणांवर जाऊ नका, पूर्ण आलेख बघा. एका ओरखड्यामुळे आलेली एकच उंच रेघ आणि कडेकडे सतत चढत गेलेला डोंगर, यात डोंगर जास्त धोक्याचा.

एक अडचण आहे. हे आकडे सगळे ड्राइव्ह देत नाहीत. लाइटऑनचे डेस्कटॉप ड्राइव्ह या कामासाठी प्रसिद्ध आहेत. लॅपटॉपमधले बरेच पातळ ड्राइव्ह ही चाचणी करूच देत नाहीत. लिनक्स वापरत असाल तर क्यूपीएक्सटूल हा प्रोग्राम आहे. आणि हे मोजमाप प्रयोगशाळेतलं नाही, ड्राइव्हला स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसतं तेच तो सांगतो. तुलनेसाठी मात्र पुरेसं आहे.

माझ्या चाचणीत काय निघालं?

मी कसारा लोकल धरून, दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडवरून चांगल्या मीडिया कोडच्या डिस्क आणल्या. घरी एक स्वस्तातला जुना गठ्ठा पडलेलाच होता. दोन्हींवर ४, ८ आणि १६एक्सने लिहून पाहिलं.

चांगल्या डिस्कवर ८एक्सला निकाल सगळ्यात छान आला. पीआयई सगळीकडे खाली, पीआयएफ दोनच्या वर गेलंच नाही. १६एक्सला पहिले तीन जीबी तसेच, त्यानंतर आलेख चढायला लागला, पण मर्यादेच्या आत राहिला.

आणि ४एक्स? मला वाटलं होतं तो सगळ्यात उत्तम येईल. तो ८एक्सपेक्षा थोडा वाईट आला. दोनदा करून पाहिलं, तेच. कारण विचार केला की पटतं: १६एक्सच्या डिस्कचं रंगद्रव्य जोरदार, छोट्या ठोक्यांसाठी बनवलेलं असतं. ड्राइव्हचं गणितही मधल्या आणि वरच्या वेगांसाठी जास्त घासूनपुसून बसवलेलं असतं. त्यामुळे 'जेवढं हळू तेवढं चांगलं' हा सल्ला, जो मीही अनेकांना दिला होता, तो सरसकट खरा नाही. १६एक्सच्या डिस्कला ८एक्स ही बहुतेक वेळा चांगली जागा. तुमच्या ड्राइव्हवर ती कुठे आहे, ते दोन-तीन डिस्क खर्च करूनच कळेल.

स्वस्त गठ्ठ्यातल्या डिस्कवर १६एक्सला वेगाची रेघ सरळ चढली. काही तक्रार नाही, 'सक्सेसफुल' असा संदेशही आला. पण दर्जाच्या आलेखात चार जीबीनंतर पीआयई २८० च्या पार गेलं आणि पीआयएफ आठ-दहावर. तरीही ती डिस्क माझ्या ड्राइव्हवर वाचली जाते! २००९ साली मी एवढंच तपासायचो: टाकली, चालली, दिली. आज मर्यादेच्या काठावर असलेली डिस्क उद्या रंगद्रव्य थोडं उतरलं, दोन ओरखडे पडले की मर्यादेपलीकडे जाते. आणि पहिली जाते ती कड.

ड्राइव्ह चाचणी देत नसेल तर

तीन गोष्टी तरी करा. इमेजबर्नमध्ये 'व्हेरिफाय' चालू ठेवा, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलशी ताडून बघितलं जातं. डिस्कस्पीडच्या 'बेंचमार्क'मध्ये वाचण्याचा आलेख काढा, रेघ शेवटाकडे खाली कोसळत असेल तर समजून जा. आणि डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर, शक्यतो घरातल्या साध्या प्लेअरवर, शेवटचं गाणं लावून बघा. पहिलं नाही, शेवटचं.

काकूंच्या डिस्कचं काय झालं?

आधी ती मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसली. गोल पुसायची नाही, कारण खुणांच्या दिशेने गेलेला ओरखडा जास्त नुकसान करतो. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग त्याच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. एका ड्राइव्हने जे सोडलं त्यातलं बरंच दुसऱ्या ड्राइव्हने वाचलं. दोन रात्री लागल्या. शेवटी काही सेक्टर राहिलेच, त्यामुळे पाठवणीत दोन ठिकाणी चित्र काही सेकंद गोठतं. काका दिसतात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात तो भाग पूर्ण आला.

नव्या दोन डिस्क ८एक्सने लिहिल्या, दोन्ही तपासल्या, आणि तीच फाइल काकूंच्या मुलीला पेन ड्राइव्हवर आणि माझ्या हार्ड डिस्कवरही ठेवली. भातसा, तानसा, मोडकसागर भरणारा पाऊस आमच्याच भागात पडतो, तेव्हा घरातली हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणून डिस्क पाकिटात नाही, कडक डबीत उभ्या ठेवल्या, भिंतीच्या कपाटापासून लांब. वर चिकटपट्टीचं लेबल नाही, मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागावर तेवढं नाव.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. १६एक्स म्हणजे कडेचा वेग, सरासरी त्याहून बरीच कमी.
२. 'सक्सेसफुल' म्हणजे लिहिणं संपलं. चांगलं झालं असं नाही.
३. डिस्कचा मीडिया कोड बघा, पाकीट नाही.
४. १६एक्सच्या डिस्कवर ८एक्सपासून सुरुवात करून स्वतः तपासा.
५. महत्त्वाचं असेल तर डिस्क काठोकाठ भरू नका. थोडी जागा रिकामी सोडली की धोक्याची कड आपोआप टळते.
६. जुन्या डिस्क आजच वाचून हार्ड डिस्कवर घ्या.

माझ्या हातून गेलेल्या अशा किती डिस्क कोणाच्या कपाटात पडल्या आहेत, मला मोजता येणार नाही. खर्डीत ज्यांची ज्यांची आठवण झाली, त्यांना निरोप दिला आहे: डिस्क घेऊन या, शेवटचा भाग लावून बघू. आतापर्यंत चार आल्या. दोन अगदी ठणठणीत निघाल्या.